आइस हॉकीचा प्रोफेशनल कोच कसं व्हायचं, अगदी खालच्या पायरीपासून

पहिला प्रश्न सगळे हाच विचारतात, मी स्वतः कधी वरच्या लेव्हलला खेळलो नाही मग मला कोच म्हणून कोण घेणार. हे आधी डोक्यातून काढा. जॉन कूपर मिशिगनमध्ये वकील होता, ज्यांना वकील परवडत नाही अशा लोकांच्या केसेस लढायचा, १९९९ मध्ये त्यानं एका हायस्कूलची टीम हातात घेतली, तिथून ज्युनियर, तिथून एएचएल (सगळ्यात वरच्या एनएचएलच्या खालची लीग), आणि मग एनएचएलच्या टॅम्पा बे लाइटनिंगला २०२० आणि २०२१ असा लागोपाठ दोनदा स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलचा करंडक, जिंकून दिला. डेव्हिड कार्लला तर हृदयाच्या आजारामुळे कॉलेजची एक मॅचसुद्धा खेळता आली नाही, डेन्व्हर युनिव्हर्सिटीनं त्याला स्टुडंट असिस्टंट म्हणून टीमबरोबर ठेवलं, पुढे तो त्याच टीमचा हेड कोच झाला आणि २०२२ आणि २०२४ ला कॉलेजची नॅशनल चॅम्पियनशिप जिंकला. आणि स्कॉटी बोमन, ज्याच्या नावावर हेड कोच म्हणून ९ स्टॅन्ली कप आणि रेग्युलर सीझनचे १२४४ विजय आहेत, त्याचं खेळणं ज्युनियरमध्येच डोक्याला झालेल्या दुखापतीनं संपलं होतं.

या तिघांत मला दिसतं ते एकच, समोर जी टीम मिळाली ती छोटी आहे म्हणून कुणी नाकारली नाही आणि शिकवण्याचे तास भरपूर भरले. कोचिंग हे मुळात शिकवण्याचं काम आहे, सिस्टिम, लाइनअप, बेंचवरचे निर्णय हे सगळं त्याच्यावर उभं राहतं, आणि खाली लिहिलेलं सगळं याच एका गोष्टीभोवती फिरणार आहे.

एक अट मात्र आहे, स्केटिंग चांगलं पाहिजे. एनएचएलच्या स्पीडचं नाही, पण टाइट टर्न, क्रॉसओव्हर (वळताना एक पाय दुसऱ्यावरून टाकणं), पिव्हट (सरळचं उलटं वळणं), दोन्ही बाजूंनी थांबणं, उलटं स्केटिंग हे सगळं मुलांसमोर करून दाखवता आलं पाहिजे, कारण लहान मुलं ऐकून कमी आणि बघून जास्त शिकतात. हे कच्चं असेल तर आत्ताच एखाद्या पॉवर स्केटिंग कोचकडे जा, मोठी माणसंही शिकतात, त्यात लाज कसली.

शिडी कशी असते ते बघून घ्या

उत्तर अमेरिकेत सगळ्यात वर एनएचएल, ३२ टीम. तिच्या खाली एएचएल, तिथं प्रत्येक टीम एका एनएचएल टीमशी जोडलेली असते आणि उद्याचे प्लेअर तिथं तयार होतात, त्याच्या खाली ईसीएचएल. ज्युनियरमध्ये कॅनडात ओएचएल, डब्ल्यूएचएल आणि क्यूएमजेएचएल या तीन मेजर लीग, अमेरिकेत यूएसएचएल आणि एनएएचएल, साधारण १६ ते २० वयाची पोरं. शिवाय अमेरिकन कॉलेज हॉकी आहे, तिथं मॅच बहुतेक शुक्रवार-शनिवारच्या असतात आणि बाकी आठवडाभर प्रॅक्टिस, त्यामुळे ज्याला शिकवायला आवडतं त्याच्यासाठी कॉलेजसारखी जागा नाही असं माझं स्पष्ट मत आहे. युरोपात स्वीडनची एसएचएल, फिनलंडची लीगा, स्वित्झर्लंडची नॅशनल लीग, जर्मनीची डीईएल, चेकियाची एक्स्ट्रालीगा. यातल्या काही लीगमध्ये, उदाहरणार्थ स्वीडनमध्ये, तळाची टीम खालच्या डिव्हिजनमध्ये ढकलली जाते आणि त्या भीतीनं सीझनच्या मध्येच कोच बदलला जातो, हे माहीत असू द्या. महिलांची पीडब्ल्यूएचएल जानेवारी २०२४ ला ६ टीमनी सुरू झाली आणि २०२५-२६ ला ८ टीम झाल्या, म्हणजे नवीन बेंच, नवीन स्टाफ, नवीन जागा.

एका टीमच्या स्टाफमध्ये पण हेड कोच एकटाच नसतो. असोसिएट कोच, एक-दोन असिस्टंट, ज्यातला एक सहसा डिफेन्समन आणि पेनल्टी किल (पेनल्टीमुळे आपला माणूस कमी असतानाचा बचाव) बघतो आणि दुसरा फॉरवर्ड आणि पॉवर प्ले (समोरच्यांचा माणूस कमी असतानाचा हल्ला), मग गोली म्हणजे गोलकीपरचा कोच, व्हिडिओ कोच, स्किल्स कोच, डेव्हलपमेंट कोच, स्ट्रेंग्थ कोच. म्हणजे आत शिरायला दारं बरीच आहेत, फक्त हेड कोचच्या दाराकडे बघत बसू नका.

ईसीएचएलला लोक नाक मुरडतात पण तिथं हेड कोचच प्लेअर शोधतो, त्यांना साइन करतो, कुणाला वरून बोलावणं आलं की दुसऱ्या दिवशीच्या मॅचला माणूस कुठून आणायचा ते बघतो, बऱ्याचदा मदतीला एकच असिस्टंट असतो, असं सगळं एकट्यानं रेटलं की माणूस पक्का होतो. जॅरेड बेडनार २००९ ला साउथ कॅरोलायना स्टिंगरेजबरोबर ईसीएचएलचा केली कप जिंकला, २०१६ ला लेक एरी मॉन्स्टर्सबरोबर एएचएलचा कॅल्डर कप, आणि २०२२ ला कोलोरॅडोबरोबर स्टॅन्ली कप, हेड कोच म्हणून हे तिन्ही कप जिंकणारा तो पहिला. स्पेन्सर कार्बरी पण त्याच साउथ कॅरोलायनातून वर आला आणि २०२५ ला वॉशिंग्टनमध्ये जॅक अॅडम्स अवॉर्ड, म्हणजे एनएचएलचा वर्षातला सर्वोत्तम कोच.

सर्टिफिकेट

यावर जास्त लिहीत नाही कारण हे करावंच लागतं आणि त्यात फार विचार करण्यासारखं काही नाही. अमेरिकेत यूएसए हॉकीचा कोचिंग एज्युकेशन प्रोग्राम आहे, लेव्हल १ पासून ५ पर्यंत, त्याबरोबर तुम्ही ज्या वयोगटाला शिकवता त्याचं ऑनलाइन मॉड्यूल, सेफस्पोर्ट (खेळातला छळ, गैरवर्तन रोखण्याचं) ट्रेनिंग आणि बॅकग्राउंड चेक. कॅनडात हॉकी कॅनडाचा नॅशनल कोचिंग सर्टिफिकेशन प्रोग्राम, त्यात कोच १, कोच २, डेव्हलपमेंट १, हाय परफॉर्मन्स १ आणि २ अशा पायऱ्या. फिनलंडमध्ये व्हिएरुमाकीला कोचिंगची चक्क डिग्री घेता येते. दुसऱ्या देशात असाल तर तुमच्या नॅशनल फेडरेशनला विचारा, आयआयएचएफ, म्हणजे आइस हॉकीची जागतिक संघटना, त्यांच्यामार्फत कोचसाठी कोर्स चालवतं. सर्टिफिकेट दाखवून नोकरी मिळत नाही, पण ते नसेल तर बर्फावर उभंच राहू देत नाहीत. आणि हो, प्रॅक्टिसला बर्फावर कोचनंही हेल्मेट घालायचं, ते नियमात आहे आणि डोकं तुमचंच आहे.

पहिली टीम लहान मुलांची घ्या

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे म्हणून थांबून वाचा. ८ किंवा १० वर्षांच्या मुलांची टीम घ्या, असिस्टंट म्हणून घ्या, फुकट घ्या लागलं तर, कारण इथं तुम्हाला कळतं की तुम्ही जे सांगितलं ते समोरच्याच्या पायात उतरलं की नाही, मोठे प्लेअर तुमची चूक स्वतःच्या टॅलेंटनं झाकून टाकतात, मुलं झाकत नाहीत.

बर्फाचा वेळ महाग असतो आणि साधारण ६० मिनिटंच मिळतात. त्यातली १० मिनिटं तुम्ही बोर्डवर रेघा ओढत घालवली आणि मग एका लायनीत १५ मुलं उभी करून एकेकाला पाठवलं, तर प्रत्येक मुलाला खरी हालचाल किती मिळाली ते एकदा घड्याळ लावून बघा, धक्का बसेल. म्हणून स्टेशन लावा. १८ मुलं असतील तर ६ स्टेशन, प्रत्येकी ३ मुलं, सात-सात मिनिटं, शिट्टी वाजली की पुढच्या स्टेशनला. एका ठिकाणी एजेस (स्केटच्या पात्याच्या कडांवरचा तोल) आणि क्रॉसओव्हर, एका ठिकाणी पासिंग, एका ठिकाणी पक प्रोटेक्शन (पक म्हणजे खेळायची रबरी चकती, ती समोरच्यापासून वाचवणं), एका ठिकाणी शॉट, एका ठिकाणी दोन विरुद्ध एक, आणि एका ठिकाणी छोट्या जागेत नुसता खेळ, म्हणजे स्मॉल एरिया गेम. यूएसए हॉकीनं २००९ पासून अमेरिकन डेव्हलपमेंट मॉडेलमध्ये हेच आणलं, ८ वर्षांखालच्या मुलांच्या मॅचसुद्धा रिंकच्या आडव्या तुकड्यात खेळवायच्या, कारण छोट्या जागेत पक सारखा सारखा काठीला लागतो आणि प्रत्येक सेकंदाला काहीतरी ठरवावं लागतं.

प्लॅन कागदावर लिहून न्या, पाठ आहे म्हणून सोडू नका. प्रत्येक ड्रिलसमोर वेळ, आकृती, पक कुठं ठेवायचे, गोली काय करणार (गोलींना सगळेच विसरतात, मग ती बिचारी मुलं तासभर नुसते शॉट खात उभी राहतात), आणि सगळ्यात मुख्य म्हणजे त्या ड्रिलमध्ये शिकवायचे दोनच मुद्दे. दोन म्हणजे दोन, पाच नाही. बर्फावर समजावून सांगायचं ते अर्ध्या मिनिटात संपवा, जे अर्ध्या मिनिटात सांगता येत नाही ते ड्रेसिंग रूममध्येच सांगून या.

आता शिकवणं म्हणजे नक्की काय ते एका उदाहरणानं सांगतो. डिफेन्समन कोपऱ्यात पक आणायला मागे जातो, खांद्यावरून मागे बघत नाही, फॉरचेकर (पक हिसकावायला धावून आलेला समोरच्या टीमचा प्लेअर) येऊन आदळतो आणि पक गेला. बेंचवरून बहुतेक कोच ओरडतात, मागे बघ, मागे बघ! काही फरक पडत नाही, पुढच्या शिफ्टला (बर्फावरच्या पुढच्या फेरीला) परत तेच. त्यापेक्षा ड्रिलच असं बनवा की बघितल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही. मुलगा पककडे निघाला की मागून तुम्ही हात वर करून बोटं दाखवायची, पकला हात लावायच्या आधी त्यानं किती बोटं ते ओरडून सांगायचं. नंतर बोटांच्या जागी खरा फॉरचेकर, तो कधी डावीकडून येणार कधी उजवीकडून, आणि डिफेन्समननं बघून ठरवायचं की गोलमागून पक घेऊन पळायचं (व्हील), का मागे साथीदाराकडे उलटा सोडायचा (रिव्हर्स), का सरळ बोर्डवरून विंगरला, म्हणजे कडेच्या फॉरवर्डला, पुढे द्यायचा (अप). असं काही आठवडे करा, मुलगा मॅचमध्ये न सांगता खांद्यावरून बघायला लागतो. ही पद्धत १० वर्षांच्या मुलाला लागू आहे आणि एएचएलमधल्या २२ वर्षांच्या डिफेन्समनलाही लागू आहे, फक्त स्पीड बदलतो.

हे काम करताना तुमच्यासारखं बारीक बघणारा एखादा जुना कोच शोधा आणि त्याच्या प्रॅक्टिसला जाऊन नुसते वही घेऊन बसा, बहुतेक जण आनंदानं येऊ देतात. अनातोली तारासोव्हनं सोव्हिएत हॉकी उभी करताना बर्फ कमी होता म्हणून जमिनीवरच्या ट्रेनिंगवर जोर दिला, वजनं, उड्या, बास्केटबॉलसारखे खेळ, आणि त्यातून जगातली सगळ्यात भारी पासिंग करणारी टीम बनवली. साधनं कमी असली की शिकवायच्या नव्या वाटा सापडतात, तुम्हालाही सापडतील.

व्हिडिओ शिका, नोकरीचं सगळ्यात उघडं दार हेच

रॉजर नीलसननं सत्तरच्या दशकात मॅचचे व्हिडिओ बघून शिकवायला सुरुवात केली तेव्हा लोकांना ते विचित्र वाटलं, आज व्हिडिओ कोच नाही अशी प्रोफेशनल टीम सापडणं अवघड आहे. आणि तरुण माणसाला, ज्याचं नाव कुणाला माहीत नाही, त्याला स्टाफमध्ये जागा मिळायची शक्यता इथंच जास्त, कारण हे काम प्रचंड आहे आणि रात्री उशिरापर्यंत करायला लागतं.

काम काय असतं, तर मॅच चालू असताना प्रत्येक गोष्ट टॅग करायची, झोन एंट्री (समोरच्यांच्या भागात शिरणं), ब्रेकआउट (आपल्या भागातून पक बाहेर काढणं), फॉरचेक (पुढे जाऊन पक हिसकावणं), फेसऑफ (खेळ सुरू करताना पकसाठीची झुंज), पॉवर प्ले, पेनल्टी किल, म्हणजे इंटरमिशनमध्ये हेड कोचनं विचारलं की आपला ब्रेकआउट उजवीकडून का अडकतोय तर दोन मिनिटांत चार क्लिप समोर पाहिजेत. शिवाय समोरच्या टीमचा प्री-स्काउट, त्यांचा फॉरचेक १-२-२ आहे का २-१-२ (पुढून मागे कितीकिती माणसं), पॉवर प्लेला १-३-१ मध्ये कोण कुठं उभा राहतो, गोली कुठल्या बाजूला कच्चा. एनएचएलमध्ये अजून एक जबाबदारी असते, कोचेस चॅलेंज. गोल झाला आणि तुम्हाला वाटलं ऑफसाइड होता किंवा गोलीला अडवलं, तर काही सेकंदांत व्हिडिओ कोचनं खाली बेंचला हो किंवा नाही सांगायचं, चॅलेंज चुकला तर २ मिनिटांची पेनल्टी आणि त्याच मॅचमध्ये परत चुकला तर ४ मिनिटांची. म्हणजे रूममध्ये बसलेल्या माणसाच्या एका शब्दावर मॅच फिरू शकते.

सराव घरी बसून करता येतो. कुठलीही मॅच घ्या आणि पककडे बघायचंच नाही असं ठरवा, पूर्ण पिरियड फक्त एकाच टीमचे पाच प्लेअर पक नसताना कुठं जातात ते बघा. सुरुवातीला डोकं दुखतं पण हळूहळू दिसायला लागतं, की वीकसाइडचा (पक नसलेल्या बाजूचा) विंगर आत कधी येतो, डिफेन्समन ब्लू लाइनवर उभा राहतो का मागे सरकतो, गॅप (समोरच्यापासूनचं अंतर) किती ठेवतो. मग त्यावर दोन-तीन पानांचा रिपोर्ट लिहा आणि दहा-बारा क्लिप कापा. दहा-बाराच, कारण प्लेअर दहा मिनिटांच्या वर व्हिडिओ बघत नाहीत, बघतात पण डोक्यात काही जात नाही. आणि प्रत्येक मीटिंगमध्ये चांगलं केलेलं पण दाखवा, नुसत्या चुका दाखवणाऱ्या कोचच्या मीटिंगला पोरं मान खाली घालून बसतात आणि शिकत काहीच नाहीत. असे चार-पाच रिपोर्ट तयार असले की कुठल्याही कोचला पाठवायला हातात काहीतरी ठोस असतं, नुसता मला हॉकी खूप आवडते असा मेल कुणी उघडत नाही.

आकड्यांची पण ओळख ठेवा, एक्सपेक्टेड गोल्स (शॉटच्या दर्जावरून किती गोल व्हायला हवे होते), शॉट अटेम्प्ट, कंट्रोल्ड एंट्री (पक ताब्यात ठेवून समोरच्यांच्या भागात शिरणं), हे सगळे शब्द आता कोचच्या रूममध्ये रोज बोलले जातात.

एखादं खास स्किल असेल तर त्याच्यावर या. जेसिका कॅम्पबेल कॅनडाकडून खेळली, नंतर प्रोफेशनल प्लेअरांना स्केटिंग शिकवायला लागली, जर्मनीत काम केलं, २०२२ ला कोचेला व्हॅली फायरबर्ड्समध्ये एएचएलची असिस्टंट झाली आणि २०२४ ला सिअॅटल क्रॅकनमध्ये एनएचएलची पहिली पूर्णवेळ महिला असिस्टंट कोच. गोली खेळला असाल तर तुमचं अर्धं काम झालंय, चांगले गोली कोच सगळ्यांना हवे असतात आणि पुरेसे नसतात.

बेंचवर उभं राहणं

हे पुस्तकातून येत नाही तरी आधी काही गोष्टी माहीत पाहिजेत. एनएचएलच्या मॅचला १८ स्केटर आणि २ गोली असतात, म्हणजे साधारण चार फॉरवर्ड लाइन आणि तीन डिफेन्स जोड्या, आणि एक शिफ्ट ४०-५० सेकंदांची. म्हणजे दर मिनिटाला तुम्ही निर्णय घेताय, खेळ न थांबता. घरच्या टीमला लास्ट चेंज (खेळ थांबला की शेवटी माणसं बदलायचा हक्क) असतो, पाहुण्या टीमनं आधी माणसं पाठवायची आणि मग तुम्ही, म्हणून समोरच्या सगळ्यात धोकादायक लाइनसमोर आपली कुठली लाइन घालायची हे घरी ठरवता येतं, बाहेर खेळताना त्याच्यासाठी चालू खेळात चेंज करत खटपट करावी लागते. दुसऱ्या पिरियडला बाजू बदलल्या की बेंच आपल्या गोलपासून लांब जातं, लाँग चेंज म्हणतात त्याला, दमलेली पाच माणसं आपल्या झोनमध्ये अडकली की बाहेरच पडता येत नाही आणि तिथंच गोल होतात. त्यामुळे दुसऱ्या पिरियडला शिफ्ट छोट्या ठेवा आणि पक आत खोल टाकल्याशिवाय चेंज करायचा नाही हे पोरांच्या डोक्यात पक्कं बसवा. आयसिंग (पक आपल्या अर्ध्या भागातून थेट समोरच्यांच्या गोलरेषेपार मारणं) केलं तर त्या टीमला चेंज मिळत नाही, एनएचएलमध्ये तर तेव्हा टाइमआउट पण घेता येत नाही, म्हणून दमलेल्या लाइननं आयसिंग केलं की समोरचा कोच लगेच आपली बेस्ट लाइन पाठवतो. तुम्ही पण पाठवा.

शेवटी एका गोलनं मागे असाल तर गोली बाहेर काढून सहावा स्केटर. पूर्वी शेवटच्या मिनिटाला काढायचे, पॅट्रिक रॉयनं २०१३-१४ मध्ये कोलोरॅडोत बराच लवकर काढायला सुरुवात केली आणि आता सगळेच लवकर काढतात. हे आयत्या वेळी ठरवायचं नसतं, कोणते सहा, फेसऑफ कोण घेणार, डावीकडून का उजवीकडून, प्रॅक्टिसमध्ये आठवड्यातून एकदा तरी करून ठेवायचं.

आणि बेंचवर शांत राहा. तुम्ही रेफरीवर ओरडत असताना खेळ चालूच असतो आणि तेवढा वेळ तुमचं लक्ष नसतं.

माणसं सांभाळणं

वरच्या लेव्हलला सिस्टिम सगळ्यांना साधारण सारख्याच माहीत असतात, कोण टिकतं ते इथं ठरतं. सगळ्यात अवघड बोलणं म्हणजे प्लेअरला सांगणं की आज तू खेळत नाहीयेस. ते बोर्डवर नाव न लावून कळवू नका, सकाळच्या स्केटच्या आधी स्वतः जाऊन दोन वाक्यांत कारण सांगा आणि परत आत यायला काय करावं लागेल ते सांगा, मग त्या दिवशी प्रॅक्टिसनंतर त्याच्याबरोबर वीस मिनिटं जास्तीची थांबा. जे खेळत नाहीत त्यांच्याबरोबर असिस्टंट किती वेळ घालवतो यावरून तो पुढे जाणार का नाही हे मी ओळखतो, आणि जनरल मॅनेजर पण बघत असतात.

शिवीगाळ, अपमान, पोरांना घाबरवून खेळवणं, हे प्रकार पूर्वी चालवून घेतले जायचे. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये एनएचएलच्या एका हेड कोचला दहा वर्षांपूर्वी मायनर लीगमध्ये एका प्लेअरला वापरलेल्या वंशद्वेषी शब्दांवरून राजीनामा द्यावा लागला, त्यानंतर अनेक प्लेअर बोलायला लागले आणि ते चांगलंच झालं. कडक असायला काही हरकत नाही, पोरांना कडक कोच चालतो, पण त्यांना हे कळलं पाहिजे की हा माणूस माझा खेळ सुधारायला बसलाय. लहान मुलांच्या बाबतीत तर एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत कधीच थांबायचं नाही, मेसेज करताना पालक किंवा दुसरा मोठा माणूस त्यात असलाच पाहिजे, हे नियम तुमच्या आणि मुलांच्या दोघांच्या भल्यासाठी आहेत.

पालकांशी सीझनच्या आधीच एक मीटिंग घ्या, किती वेळ खेळायला मिळेल, तक्रार कशी करायची, मॅचनंतर २४ तास त्या विषयावर बोलायचं नाही, सगळं तिथंच सांगून टाका.

नोकरी मिळवणं आणि जाणं

या धंद्यात जागा जाहिरातीतून कमी आणि ओळखीतून जास्त भरतात, आणि ओळख म्हणजे ज्यानं तुमचं काम बघितलंय असा माणूस. म्हणून उन्हाळ्यातल्या हॉकी कॅम्पमध्ये काम करा, तिथं वरच्या लेव्हलचे कोच पण येतात आणि आठवडाभर तुम्ही त्यांच्या शेजारी बर्फावर असता, याच्यापेक्षा चांगला इंटरव्ह्यू नाही. एनएचएल कोचेस असोसिएशनच्या क्लिनिकना जा किंवा ऑनलाइन बघा, ते महिला कोचसाठी वेगळा प्रोग्राम पण चालवतात. एखाद्या कोचचं भाषण आवडलं तर त्याला एक नेमका प्रश्न लिहून पाठवा, तुमच्या पेनल्टी किलमध्ये वीकसाइड फॉरवर्ड एवढा खाली का उतरतो असा, उत्तर येण्याची शक्यता बरीच असते.

इंटरव्ह्यूला जाताना त्या टीमच्या तीन-चार मॅच बघून जा. त्यांच्या प्लेअरांची नावं, कोण सुधारू शकतो आणि कसं, पहिल्या आठवड्याचा प्रॅक्टिस प्लॅन, हे सगळं कागदावर घेऊन. तुमची फिलॉसॉफी काय असं विचारतीलच, तेव्हा मोठमोठे शब्द टाकण्यापेक्षा आमच्या टीममध्ये पक गेल्यावर पहिल्या तीन सेकंदांत प्रत्येकानं काय करायचं ते सांगा, त्यातून त्यांना सगळं कळतं.

घर बदलायची तयारी ठेवा, हे लग्न झालेल्यांनी आधी घरात बसून बोलायला हवं. दोन वर्षं इथं, तीन वर्षं तिथं, मुलांच्या शाळा, जोडीदाराची नोकरी, सीझनमध्ये महिन्यातले अर्धे दिवस बसमध्ये किंवा हॉटेलात. एएचएलमध्ये ७२ मॅच असतात आणि बऱ्याच वीकेंडला तीन दिवसांत तीन.

आणि काढून टाकलं जाणार, हे गृहीत धरा. ब्रूस कॅसिडीला जून २०२२ मध्ये बॉस्टननं काढलं, तो व्हेगासला गेला आणि २०२३ ला स्टॅन्ली कप जिंकला. माइक सलिव्हन डिसेंबर २०१५ मध्ये सीझनच्या मध्येच पिट्सबर्गला दुसऱ्याच्या जागी आला आणि २०१६, २०१७ दोन्ही कप जिंकला, क्रेग बेरूबे नोव्हेंबर २०१८ मध्ये तसाच सेंट लुईसमध्ये आला, जानेवारीच्या सुरुवातीला ती टीम लीगमध्ये शेवटची होती आणि जूनमध्ये कप त्यांच्या हातात. पॉल मॉरिस १९९५ मध्ये २८ व्या वर्षी एनएचएलचा हेड कोच झाला, चार टीम फिरला, पहिला कप २०२४ ला फ्लोरिडाबरोबर मिळाला आणि २०२५ ला दुसरा. उलटं पण होतं, बेडनारच्या पहिल्या सीझनला २०१६-१७ मध्ये कोलोरॅडोला ८२ मॅचमध्ये फक्त ४८ पॉइंट मिळाले, मॅनेजमेंटनं त्याला ठेवलं, पुढचं तुम्ही वर वाचलंच.

म्हणून कॉन्ट्रॅक्ट साइन करताना काही गोष्टी नीट वाचा आणि शक्यतो स्पोर्ट्सचं काम करणाऱ्या वकिलाला दाखवा. किती वर्षांचं आहे, मध्ये काढलं तर उरलेले पैसे मिळणार का आणि दुसरी नोकरी लागली तर त्यातून किती कापणार, वरच्या लीगमधून ऑफर आली तर जाऊ देणार का, घर बदलायचा खर्च कोण देणार, आरोग्य विमा नोकरी संपल्यावर किती महिने चालू राहणार. दुसऱ्या देशात जात असाल तर वर्क परमिट टीम काढून देते का आणि कुटुंबाचा व्हिसा त्यात आहे का ते लेखी घ्या, तोंडी बोलण्यावर सामान बांधू नका. आणि प्रत्येक सीझनचे तुमचे प्रॅक्टिस प्लॅन आणि तुम्ही स्वतः केलेल्या नोट्स स्वतःकडे एका ठिकाणी जपून ठेवा, टीमचा लॅपटॉप शेवटच्या दिवशी परत द्यावा लागतो आणि तेव्हा कॉपी करायला वेळ मिळत नाही.